जिनाचा ओटा

आधी जागा सांगते, म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल. तीर्थपुरीच्या बाजारपेठेतून गावाबाहेर निघालं की डाव्या हाताला दगडी कुंपणाची लांब भिंत लागायची. भिंतीत लोखंडी फाटक, आणि फाटकाच्या आत कापसाची जिनिंग फॅक्टरी. गाव तिला नुसतं ‘जिन’ म्हणायचं. फाटकाला लागून दोन खोल्यांचं घर होतं, तिथे आम्ही राहायचो. घर आमचं नव्हतं, जालन्याला राहणाऱ्या शेठचं होतं. पण माझे वडील, ज्यांना मी दादा म्हणायची, ते जिनात फिटर होते, आणि यंत्र कधी बिघडेल याचा नेम नसतो म्हणून फिटरला आवारातच ठेवलेलं होतं. माय जिनातल्या बायांची मुकादमीण होती. मी त्यांची एकुलती एक. आमचं तालुक्याचं गाव तेव्हा अंबड, आणि जालना जिल्हा नुकताच झालेला, त्यामुळे शाळेत नकाशा काढताना आम्हाला जुनी हद्द खोडून नवी काढावी लागायची.

जिनात कापसातून सरकी वेगळी व्हायची. मोठी दगडी इमारत, वर कौलं, आणि आत एका टोकाला कमरेइतका उंच, पाऽर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेलेला ओटा. त्या ओट्यावर एका ओळीत यंत्रं बसवलेली आणि प्रत्येक यंत्रापाशी एक बाई. ती मुठीमुठीने कापूस भरवायची; एकीकडून रुई बाहेर पडायची, खाली सरकी. इंजिनापासून ओट्यापर्यंत चामड्याचे लांब पट्टे फिरायचे. त्याचा आवाज असा, की आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवरच्या ताटल्या दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत खणखणत असायच्या. ताटल्यांखाली माय फडकं घालून ठेवायची. आणि रुई सगळीकडे. केसांत, उशीत, माठाच्या तोंडावर. माय येसराची आमटी चुलीवरून उतरवली की पातेल्यावर ताट, ताटावर ओला कपडा टाकायची, तरी वाटीत एखादा तंतू निघायचाच. मी तो बोटाने काढून ताटाच्या कडेला लावायची आणि भाकरी कुस्करायला घ्यायची. पाहुणे आले की त्यांना किळस यायची. आम्हाला हंगाम संपल्यावर आमटीत काही निघालं नाही की चुकल्यासारखं व्हायचं.

त्या आवाजात बोलणं शक्यच नव्हतं. म्हणून ओट्यावरच्या बाया हातांनी बोलायच्या. पाणी, पोरगं रडतंय, मुनीम आला, सासू आजारी, आज डब्यात काय, या सगळ्याच्या खुणा होत्या. तोंडाला फडकं बांधलेलं, फक्त डोळे दिसताहेत, आणि या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला नवऱ्याची गंमत सांगते आहे आणि मधल्या सगळ्या जणी खांदे हलवून हसताहेत, हे मी कितीदा पाहिलं आहे. खाली रुई ओढणाऱ्या गड्यांना त्यातलं एक अक्षर कळायचं नाही. मला बऱ्यापैकी कळायचं, कारण मी ओट्याच्या खालच्या खांबाला बांधलेल्या झोळीतच वाढले होते.

एक रीत त्यांच्यात फार पक्की होती. नवी बाई कामाला आली की तिला पट्ट्याच्या बाजूचं यंत्र द्यायचं नाही. तिथे पदर ओढला जायची भीती. मग माय छातीवर हात ठेवून तळवा पट्ट्याकडे सरकवायची. म्हणजे, नवी आली आहे, सरका. सगळ्या जणी एकेक यंत्र पट्ट्याकडे सरकायच्या आणि नवीला दाराकडची, बिनधोक जागा मोकळी व्हायची. तिच्या शेजारणीने मग आपल्या कमरेच्या पिशवीतला गुळाचा खडा तिच्या हातावर ठेवायचा. गुळाने घशातली रुई खाली जाते, असं सगळ्या मानायच्या. खरं-खोटं मला ठाऊक नाही. मी अजून घसा खवखवला की गूळच खाते.

पुढे शेठने जालन्याला नवं, मोठं जिन टाकलं आणि आमच्याकडचा कापूस तिकडे जाऊ लागला. एका दिवाळीनंतर भोंगा झालाच नाही. मग ट्रक आले आणि यंत्रं भंगारात गेली. दादांना शेठने राखणदार म्हणून ठेवलं. बाया पांगल्या, कुणी निंदायला, कुणी कापूस वेचायला, कुणी ऊसतोडीला. ताटल्या गप्प झाल्या. मायने त्यांच्याखालचं फडकं काढून धुऊन ठेवलं आणि नंतर कितीतरी दिवस ती कामं उरकून दारात उभी राहायची, आत-बाहेर करायची, परत उभी राहायची. आठवडी बाजारात ओट्यावरची झुंबरबाई किंवा शेवंता लांबून दिसली की दोघी भाजीवाल्यांच्या डोक्यावरून हातवारे करायच्या. तेवढीच भेट. थांबून बोलायला कुणाला वेळ नसे. एकीच्या डोक्यावर पाटी, दुसरीच्या मागे सासू. “इतकी वर्षं शेजारी उभी राह्यलेली बाई,” माय एकदा मला म्हणाली, “तिच्या पोरीचं लगीन ठरलं ते मला तिसऱ्याकडून कळतंय.”

शेवटी शेठने ती रिकामी इमारत गावाला देऊन टाकली, वाचनालय आणि सभागृह करा म्हणून. गावाची एक समिती झाली. प्रमुख आमचे गुरुजी, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, आणि त्यांच्या जोडीला सरपंच. काम बरंचसं दादांनीच केलं. वाशांना लोंबणारी जुनी रुई त्यांनी बांबूला झाडू बांधून उतरवली, ती खाली पडताना पोत्यापोत्याने पडली. कबुतरं हाकलली. भिंतींना चुना दिला. फरशीवरचे तेलाचे डाग चुना, वाळू, रॉकेल कशालाच दाद देईनात, तेव्हा त्यांनी डागांवर सतरंज्या येतील असा हिशेब केला. मुनिमाच्या खोलीत शाळेची दोन कपाटं, एक टेबल आणि वर्तमानपत्रांसाठी तिरपी फळी आली; ते वाचनालय. मोठा भाग सभागृह. ओटा होताच, त्याचं आपोआप व्यासपीठ झालं. यंत्रं जिथे बसवली होती तिथे फरशीतून बोल्टांची टोकं वर आलेली होती, प्रत्येक यंत्राचे चार. कुणाच्या पायाला लागू नयेत म्हणून दादांनी ती हॅकसॉने कापून सपाट केली. तरी चार चार काळे ठिपके राहिलेच.

समितीची शेवटची बैठक आमच्या ओसरीत झाली. मायने सुशीला केला होता, आमच्याकडचा मुरमुऱ्यांचा, वरून शेंगदाणे आणि भरपूर कोथिंबीर. बश्या रिकाम्या झाल्यावर ती आत गेली नाही, दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

“गुरुजी, एक विचारू का?”

“विचारा की.”

“बायांसाठी काय ठेवलंय?”

सरपंच हसले. “बायांसाठी? अवं भागाबाई, पेपर वाचायला बाया येणार हायेत का आता?”

“पेपराचं न्हाई म्हणत मी. दुपारी तुमचा हॉल रिकामाच राहणार. दोन तास बायांना द्या. मधलं दार लावून घ्यायचं, गडीमाणूस आत न्हाई.”

“आन् करतील काय?”

“बसतील.”

“बसायला घरं हायेत की त्यांना.”

“सरपंच,” माय म्हणाली, “घरी बसलेली बाई तुम्ही कधी पाह्यली का?”

गुरुजींना चहाचा ठसका लागला. “सुमीच्या माय, चहा आण अजून,” म्हणून दादांनी मात्र विषय बदलायचा प्रयत्न केला. त्यांना वाटत होतं, राखणदाराच्या बायकोने समितीला सवाल करू नये. माय चहाला हलली नाही.

गुरुजींनी बशी खाली ठेवली. “भागाबाई, माझी ना नाही. पण बाया येत नाहीत. मी जन्मभर पालकसभा घेतल्या. आलीच कुणी, तर दाराबाहेर उभी राहून गेली. आपण असं करू. उद्घाटनाला बाया आल्या आणि आत बसल्या, तर दुपार तुमची. नाही आल्या, तर हा विषय परत काढायचा नाही.”

“बराबर हाय,” माय म्हणाली आणि मग चहा टाकायला गेली.

त्या आठवड्यात ती घरोघर हिंडली. मी तिच्याबरोबर असायची. झुंबरबाई ओट्यावरची सगळ्यात वयस्क, कायम पट्ट्याच्या टोकाला उभी राहिलेली. तिने ऐकून घेतलं आणि नाक उडवलं. “सभेला? भाषणं ऐकत बसू व्हय? त्यापरीस निंदायला गेलेलं बरं. तण तरी बोलत न्हाई.” शेवंताची अडचण वेगळी होती. तिची सासू चुलीपुढून न वळताच म्हणाली, “सभेला जाणारी सून आमच्यात न्हाई.” माय उंबऱ्यावर बसली. मग म्हणाली, “सभेला न्हाई हो मावशी. जिनात बोलावलंय. शेठचं काम हाय.” सासू वळली. “जिनात का? मंग तसं सांग ना. किती वाजता धाडू?”

तेव्हापासून मायने सगळीकडे तेच सांगितलं. जिनात या, रविवारी, सकाळच्या पाळीला यायच्या तशा. झुंबरबाईलाही तसंच सांगितलं, आणि तीही “जिनात असल तर येते” म्हणाली.

उद्घाटनाच्या दिवशी ओट्यावर खुर्च्या मांडल्या होत्या, मधल्या खुर्चीवर टर्किश टॉवेल. टेबलावर नारळ, समई, हार. खाली सतरंज्या; डावीकडे पुरुष गच्च बसलेले, उजवी बाजू गुरुजींनी दोरी लावून बायांसाठी मोकळी ठेवलेली. आम्हा मुलींना स्वागतगीत म्हणायचं होतं, म्हणून आम्ही ओट्याच्या कडेला पेटीवाल्या मास्तरांजवळ उभ्या होतो. माय मोठ्या दारात. वेळ होत आली तरी दारातून एकही बाई आली नाही. पुरुष हळूहळू दोरीपर्यंत सरकले, मग एकाने दोरीवरून पाय टाकला. सरपंचांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी मायकडे पाहायचं टाळलं. मायने पदर नुसता चुरगाळून ठेवला होता.

आणि मग माझ्या मागचं दार उघडलं. ओट्याला लागून मागच्या भिंतीत एक छोटं दार होतं, कामाच्या बायांचं. ते सरळ ओट्याच्या पायऱ्यांपाशी निघायचं. मोठ्या दाराने त्या जन्मात कधी आल्या नव्हत्या. आधी झुंबरबाई, मग शेवंता, मग सगळ्या. ठेवणीतली लुगडी, डोक्यावर पदर. त्यांच्या माना खाली होत्या, सभागृहात कोण आहे हे त्यांनी पाहिलंही नाही. पायऱ्या चढल्या, चपला पूर्वीच्याच कोपऱ्यात काढल्या, आणि ओट्यावर जी ती खाली बघत चालत आपापल्या चार ठिपक्यांपाशी जाऊन बसली. शेवंताच्या ठिपक्यांवर नेमकी टॉवेलाची खुर्ची होती. तिने ती उचलून मागे ठेवली.

खाली हशा पिकला. कुणीतरी ओरडलं, “आज अध्यक्ष कोण म्हणायचं मंग?” बायांनी माना वर केल्या तेव्हा त्यांना समोर गाव दिसलं. त्यांचे चेहरे मी जवळून पाहिले. शेवंताने पदर ओठांत धरला आणि उठायला हात टेकला. नेमकी तेव्हाच फाटकाशी पाहुण्यांची जीप वाजली.

“भागाबाई,” सरपंच दातओठ खात म्हणाले, “उतरवा त्यांना खाली. जल्दी.”

माय पुढे आली. तिला तोंडाने हाक मारून “खाली उतरा गं” म्हणता आलं असतं. बाया उतरल्याही असत्या, आणि तशाच मागच्या दाराने घरी गेल्या असत्या, आणि मग कुठल्याही कारणाने, कुणाच्याही बोलावण्याने पुन्हा त्या इमारतीत आल्या नसत्या. हे मला आज सांगता येतं. तिला ते तिथे, त्या क्षणी, गावासमोर उभं राहून कळलं होतं. ती ओट्यापुढे आली, पुरुषांकडे पाठ करून उभी राहिली, छातीवर हात ठेवला आणि तळवा पट्ट्याकडे सरकवला.

शेवंताचा टेकलेला हात थांबला. झुंबरबाईने हातानेच विचारलं, किती जणी? मायने मूठ उघडून सगळी बोटं दाखवली. झुंबरबाईने दाराकडे, हार घेऊन धावणाऱ्या गुरुजींकडे, टोपी सावरणाऱ्या पाहुण्यांकडे पाहिलं आणि नवे कोण ते तिच्या ध्यानात आलं. ती भिंतीपर्यंत सरकली. तिच्यामागून सगळ्या सरकल्या, मांडीला मांडी लावून, कुणी उभं न राहता. अर्धा ओटा मोकळा झाला. दादा पुढे झाले, त्यांनी एका शब्दानेही काही न विचारता खुर्च्या उचलून त्या अर्ध्या भागात, दाराच्या बाजूला मांडल्या. टॉवेल नीट केला. खाली बसलेल्यांना वाटलं, बैठक आधीपासून अशीच ठरलेली असावी.

पाहुणे जालन्याचे, मोठे अधिकारी, स्वभावाने जरा अवघडलेले. ते वर येऊन बसले. त्यांच्या खुर्चीशेजारीच शेवंता होती. तिने कमरेची पिशवी सोडली, गुळाचा खडा काढला आणि, मान खालीच ठेवून, त्यांच्यापुढे धरला. पाहुण्यांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींना काहीच माहीत नव्हतं, पण त्यांनी मान डोलावली. पाहुण्यांनी गूळ तोंडात टाकला, आणि आमचं स्वागतगीत संपेपर्यंत त्यांच्या गालात तो खडा होता. भाषण बरं झालं असावं. मी ऐकलं नाही, कारण ओट्याच्या डाव्या अर्ध्या भागात हात चालू झाले होते. कितीतरी दिवसांचं साठलेलं. कुणाची म्हैस व्याली, कुणाचा नवरा सुधारला, कुणाचा बिघडला, शेवंताचं पोरगं शाळेत जातं. झुंबरबाईने पाहुण्यांच्या पोटाबद्दल काहीतरी सांगितलं ते मी इथे लिहिणार नाही. पाहुणे वळून बघायचे तेव्हा सगळ्या जणी गंभीर.

कार्यक्रम उरकल्यावर सरपंच धुसफुसत होते. “ही काय बसायची पद्धत झाली का? बायांचं काही ठरलं असंल तर ते बिलकुल रद्द समजा.”

“आपण ‘येतील का’ एवढंच म्हणालो होतो सरपंच,” गुरुजी हार पिशवीत भरत म्हणाले. “कुठे बसतील ते बोललो नव्हतो. ठरलं ते ठरलं.”

माझ्या नोकरीत पुढे मला पुष्कळ कार्यक्रमांची बैठकव्यवस्था लावावी लागली. कुठलीही जागा नव्याने सजवायला घेतली की मी आधी तिथल्या जुन्या शिपायाला विचारते, इथे पूर्वी कोण असायचं. सहकारी कंटाळतात. तरी यादीतलं पहिलं कलम ते असतंच. जिनाच्या त्या सभागृहात आता परीक्षांचा अभ्यास करणारी मुलंमुली बसतात, ओट्यावरसुद्धा, चार्जिंगच्या वायरींत पाय अडकवून. तेही चांगलंच आहे.

पण त्या पहिल्या दुपारचं सांगायचं राहिलं. गुरुजींनी मनावर घेतलं होतं. प्रौढांच्या वर्गासाठी म्हणून पाट्या आणल्या, मोठ्या अक्षरांची पुस्तकं आणली, ओट्याजवळ फळा टेकवून ठेवला, आणि बाया जमल्या की तासाभराने येतो म्हणून सांगून गेले. बाया आल्या. कुणी भाकरी बांधून आणली होती, कुणी लसणाची चटणी. खाणं झालं. थोड्या गप्पा झाल्या, या वेळी तोंडाने, आणि तोंडाने बोलायचं तर त्यांना काही सुचत नव्हतं. जाड दगडी भिंती, कौलांखालून येणारं वारं, मधलं दार लावलेलं. झुंबरबाई म्हणाली, “जरा टेकते गं.” ती आपल्या जागी आडवी झाली, दंडाची उशी करून. मग शेवंता. मग एकेक करत सगळ्या. कुणी हाक मारणारं नव्हतं, कुणी पाणी मागणारं नव्हतं, कुणी अंगावरून जाणारं नव्हतं. मायने सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली, पूर्वी पाळी सुरू होताना फिरवायची तशी, आणि तीही लवंडली. मी तोवर मायला दिवसा झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं. तिचं तोंड जरासं उघडं राहिलं होतं. मला ते मिटावंसं वाटलं, पण मी हात लावला नाही.

गुरुजी आले तेव्हा मी दाराबाहेर येऊन बसले होते. त्यांनी दार ढकलून आत पाहिलं. त्यांना काय वाटलं असेल, मी सांगू शकत नाही. राग येईल असं मला वाटलं होतं. त्यांनी चपला काढून हातात घेतल्या, चवड्यांवर आत गेले, पाट्या एकेक करून उचलल्या, एकमेकींवर आपटू नयेत म्हणून मधे बोट घालून, आणि मुनिमाच्या खोलीतल्या कपाटात ठेवून आले. मग बाहेर पायरीवर पेपर घेऊन बसले. तेवढ्यात सरपंच आले, वर्ग कसा चाललाय ते बघायला.

“आल्या का बाया?”

“आल्या.”

“काय करून राह्यल्या?”

“बसल्यात,” गुरुजी म्हणाले. “हळू बोला.”

सरपंच आत डोकावायला वाकले, पण गुरुजी पायरीवरून हलले नाहीत. थोडं थांबून सरपंचही त्यांच्याशेजारी टेकले. गुरुजींनी पेपरातलं अर्धं त्यांना दिलं. दोघे वाचत बसले, आणि पान उलटायची वेळ आली की गुरुजी उठून चार पावलं लांब, लिंबाखाली जायचे, तिथे पान उलटायचे आणि परत येऊन बसायचे.